सेफ्टी पिन

मे महिना, दुपारचा दीड, आर्वी-पुलगाव रस्ता. रसवंतीसमोर एक फियाट उभी. १९६८ची, मोतिया रंगाची, बोनेटवर झेंडूच्या माळा, मागच्या सीटवर नवरदेव. मुलीचं गाव चार किलोमीटरवर राहिलेलं. गाडी चालता चालता बंद पडली नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. दहा मिनिटं सगळे रस प्यायला थांबले आणि परत येऊन बसल्यावर ती सुरू होईना. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, एकदा खोकायचं आणि गप्प. पेट्रोलचा वास मात्र भपकन येत होता. चौघे उतरले, बोनेट वर गेलं, आणि वऱ्हाडातल्या एका पोराने, मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या, निदान केलं, "जेटमंधी कचरा फसला हाय. तार पाह्यजे." तार कोणाकडेच नव्हती. नवरदेवाच्या मावशीने खांद्यावरचा पदर सावरत सेफ्टी पिन काढून दिली. पोराने कार्बोरेटरचं, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या भांड्याचं, झाकण उघडलं, पेट्रोल मापून सोडणारे जेट काढले, पिन घालून गोल गोल फिरवली, फुंकर मारली, परत बसवले. वीस-पंचवीस मिनिटं गेली. गाडी पहिल्या सेल्फला सुरू. पोराच्या पाठीवर थापा पडल्या, बँडवाल्याने सलामी दिली.

कचरा नव्हताच.

पेट्रोल पाण्यासारखं एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांवरच उडायला लागतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५. गाडी चालू असते तोवर टाकीतलं त्यातल्या त्यात थंड पेट्रोल कार्बोरेटरमध्ये येत राहतं, आत शिरणारी हवा आणि पेट्रोलचं बाष्पीभवन त्याला गार ठेवतं. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पेट्रोलचा प्रवाह थांबतो आणि इंजिनाची सगळी धग वर चढते. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीतलं, पेट्रोल दूध उतू जावं तसं उकळून जेटमधून खाली मॅनिफोल्डमध्ये, इंजिनात जाणाऱ्या वाटेत, सांडतं. दहा-वीस मिनिटं ही सगळ्यात वाईट वेळ. त्यात घाईघाईने अॅक्सिलरेटर दाबत राहिलं की प्रत्येक दाबाला कार्बोरेटरमधला पंप आणखी एक पिचकारी मारतो आणि प्लग भिजतात. उपाय फुकटचा आहे. अॅक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबायचा, तसाच धरून ठेवायचा आणि सेल्फ मारायचा, म्हणजे भरपूर हवा शिरून जास्तीचं पेट्रोल निघून जातं. नाहीतर बोनेट उघडून अर्धा तास बसायचं. बोनेट तर त्या दिवशीही उघडलं होतं आणि अर्धा तास तरी सहज गेला. गाडी सुरू झाली ती त्यामुळे. श्रेय पिनेने घेतलं.

त्या पोराला नावं ठेवायला मात्र मन धजत नाही. २०२०च्या एप्रिलपासून नव्या मोटारसायकलींमधला कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. त्याच्या हाताखाली येतात त्या त्याआधीच्या, शेतावरच्या चिखलात, धुऱ्यावर आडव्या पडलेल्या, प्लास्टिकच्या बाटलीतून पेट्रोल पाजलेल्या. त्यांच्या जेटमध्ये खरंच कचरा असतो. क्लच वायरचा एक पदर काढून जेटमध्ये घातला की गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश, पन्नास रुपये हातात. हे त्याने शंभर वेळा पाहिलंय. मीटरने मोजून बिघाड सांगणारी माणसं तालुक्याला असतात. गावात जे हाताशी असतं त्यावरच निदान ठरतं.

जेट म्हणजे बोटाच्या पेराएवढाही नसलेला पितळेचा स्क्रू, मधोमध भोक. त्यावर आकडा कोरलेला असतो. या फियाटवर होता तसल्या सोलेक्स कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये हा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. १२५ म्हणजे १.२५ मिलिमीटर, ५० म्हणजे अर्धा मिलिमीटर. पैसे आपण पितळेचे मोजतो, काम भोक करतं. भोकातून जाणारं पेट्रोल त्याच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. त्यामुळे पायलट जेटचं, म्हणजे न्यूट्रलवर पेट्रोल देणाऱ्या जेटचं, ०.५० चं भोक घासून ०.५५ झालं, म्हणजे केसाच्या जाडीएवढंही वाढलं नाही, तरी पेट्रोल २१ टक्के जास्त जातं. डोळ्याला काहीच दिसत नाही. सेफ्टी पिन पोलादाची, जेट पितळेचा, कोण कोणाला खाणार ते उघड आहे. शिवाय पिनेला निमुळतं टोक. ती फिरवली की भोकाचं तोंड नरसाळ्यासारखं होतं, काठाची धार जाते. मग आत ड्रिलचा दांडा घालून मापलं तर माप बरोबर येतं आणि पेट्रोल तरीही जास्त वाहतं, कारण प्रवाह भोकाइतकाच त्याच्या काठावरही ठरतो. जेटची ही लबाडी भल्याभल्यांना फसवते.

लग्नानंतर महिनाभर फियाट काळा धूर काढत होती. प्लग काजळीने मखमली झाले. न्यूट्रलवर इंजिन वर-खाली व्हायचं, आणि लिटरमागे बारा-तेरा देणारी गाडी नऊवर आली. मालकाने ठरवलं, कार्बोरेटर गेला. नागपूरहून नवा आणला, चकचकीत, खोक्यात. तो बसवला आणि नवा रोग सुरू. गाडी थंड असताना ठीक, गरम झाली की अॅक्सिलरेटर सोडूनही रेस खाली येईना. नव्या नकली मालात हे हमखास होतं. स्पिंडल, म्हणजे पाय दाबला की फिरणारी कार्बोरेटरची दांडी, इतकी घट्ट बसवलेली असते की धातू तापून फुगला की ती अडकते. आतल्या वाटांमध्ये ओतकामाची बर, म्हणजे धातूचे बारीक कंगोरे, तशीच राहिलेली असते, ती पुढे सुटून जेटमध्ये येते. जेटवर १२५ कोरलेलं असतं, पण ते कोरणाऱ्यालाच ठाऊक. मूळ कार्बोरेटर खरोखर निकामी असेल, म्हणजे बॉडीला तडा असेल, जेटचे आटे गेले असतील किंवा आतली वाट गंजून फुटली असेल, तर बदलावाच. पण मग नव्यापेक्षा मुंबईत कुर्ल्याला किंवा दिल्लीच्या मायापुरीत भंगारातून जुना, मूळ कंपनीचा, मळकट कार्बोरेटर शोधावा. मळ धुता येतो.

शेवटी मालक जुना कार्बोरेटर पिशवीत घालून, त्या पोरालाच मागे बसवून, तालुक्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीची आख्खी हयात जीप आणि फियाटमध्ये गेलेली. दुकान म्हणजे कडुनिंबाखाली टिनाचं शेड, दारात उलटी ठेवलेली जीपची सीट. त्याने जेट काढले, घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि उन्हाकडे धरून पाहिलं. भोकाच्या काठावर एक कोरी, चमकदार, गोल ओरखड. बाकी सगळं पितळ काळवंडलेलं.

"कोणं घातली तार?"

"पिन होती," पोरगं म्हणालं.

"जेट का नाली हाय बे, काडी घालाले?"

"मंग कचरा काढाचा कसा?"

"फुकून. नाही निघाला त भिजू घालून. तरी नाही निघाला त उद्या."

यातलं 'उद्या' सगळ्यात अवघड. पेट्रोल साचून वाळलं की तपकिरी वार्निश धरतं. ते कार्बोरेटर क्लिनरमध्ये किंवा थिनरमध्ये रात्रभर भिजल्यावर सुटतं, खरवडून नव्हे. घाई झालेले लोक कॉस्टिक सोड्यात उकळतात. इंजिनाच्या लोखंडाला ते चालतं, पण कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, सोडा तिला खाऊन भुरभुरीत करतो. अगदीच काही आत घालायची वेळ आली तर मासे धरायच्या गळाची तंगूस घ्यावी, जेटहून बारीक, नायलॉनची. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारायची तर आधी सगळं सुटं करून. झाकण लावलेल्या कार्बोरेटरच्या पेट्रोल नळीतून हवा मारली की आतला पोकळ फ्लोट, पेट्रोलवर तरंगणारा डबा, चेपतो, आणि मग सगळेजण नसलेला आजार शोधत बसतात.

एकदा टेबलावर आल्यावर मिस्त्रीने कार्बोरेटर पूर्ण सोडला. गाडीवरून उतरवण्यापासूनचा क्रम सांगण्यासारखा आहे, कारण अर्धं नुकसान इथेच होतं. बॅटरीचा निगेटिव्ह आधी. मग एअर क्लिनर, पेट्रोलची नळी, अॅक्सिलरेटरचा रॉड, स्टार्टरची म्हणजे चोकची केबल. खालच्या दोन नटांना आलटून पालटून थोडं थोडं सैल करायचं आणि कार्बोरेटर उचलल्याबरोबर मॅनिफोल्डच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. एक वायसर आत पडला की हेड उघडायची पाळी. झाकणाखाली निडल व्हॉल्व्हच्या, म्हणजे फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणाऱ्या तोटीच्या, बुडाला जो वायसर असतो तो डबीत वेगळा ठेवायचा. सोलेक्समध्ये पेट्रोलची पातळी त्या वायसरच्या जाडीवर ठरते. पातळ वायसर लागला की व्हॉल्व्ह वर सरकतो, फ्लोटला बंद करायला जास्त वर यावं लागतं, पातळी वाढते आणि गाडी विनाकारण पेट्रोल पिते. हरवला म्हणून हाताला येईल तो लावणारे खूप.

फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल खळखळलं. म्हणजे पिनेच्या आधीपासूनच एक दुखणं होतं. पितळी फ्लोटचं भोक शोधायला गरम पाण्यात बुडवतात. आतली हवा फुगते आणि बुडबुड्यांची बारीक रांग निघते, तीच जागा. त्याच गरम पाण्यात धरून ठेवलं की आतलं पेट्रोलही वाफ होऊन बाहेर येतं. सगळं रिकामं झाल्याची खात्री होईपर्यंत सोल्डरिंग आयर्न जवळ न्यायचं नाही, बिडी तर नाहीच. मग कथलाचा डाग, तोही मुंगीएवढा. जास्त कथील म्हणजे जास्त वजन, जड फ्लोट खोल बुडतो आणि पेट्रोलची पातळी पुन्हा वर. इथे मिस्त्रीने जे केलं ते पाहण्यासारखं होतं. रिकामा फ्लोट घेऊन तो शेजारच्या सोनाराकडे गेला. काट्यावर एका बाईची नथ होती, ती उतरली आणि फ्लोट चढला. आकडा पाठ करून परत. जुना, कोणी तरी थापलेला डाग खरवडला, नवा लावला, पुन्हा सोनाराकडे. नवं वजन थोडं कमीच भरलं. सोनाराने विचारलं, "काय भाव?" दोघंही हसले नाहीत.

आत पाणी शिरलं होतं हेही चेंबरच्या तळाशी दिसत होतं, पांढरी भुकटी. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतला दमटपणा ओढतं. चार महिने पावसाळ्यात गाडी वाड्यात उभी, टाकी अर्धी रिकामी. ते पाणी इथेनॉलसह तळाला बसतं, जस्ताला खातं, आणि मेन जेट, गाडी पळताना पेट्रोल देणारा, तोही तळालाच असतो. जुनं रबर फुगतं नाहीतर कडक होतं. अॅक्सिलरेटर पंपाचा पडदा पापडासारखा झाला होता. अचानक अॅक्सिलरेटर दिला की इंजिन आवंढा गिळतं ते यामुळे. नवा पडदा बसवताना पंपाची दांडी दाबून धरायची आणि तशी धरूनच स्क्रू आवळायचे, नाहीतर पडद्याला पूर्ण चाल मिळत नाही. नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घेतल्या. आणि पॅकिंगला सिलिकॉन लावायचा नाही, एवढं मिस्त्रीने तीनदा सांगितलं. पेट्रोलमध्ये तो सुटतो, त्याचे धागे जेटमध्ये जातात आणि पुन्हा कोणाच्या तरी पदराची पिन निघते.

खरं मोठं काम स्पिंडलचं. थ्रॉटलची स्पिंडल बोटांत धरून हलवली तर टकटक वाजत होती. काळ्या मातीची धूळ आणि पन्नासेक वर्षं. तिथून चोरून हवा शिरते, न्यूट्रलला इंजिन डुलतं, आणि लोक त्यावर मिक्श्चरचा स्क्रू पिळत बसतात. गाडीवर असतानाच ओळखायचं तर चालू इंजिनात स्पिंडलच्या दोन्ही टोकांना घट्ट ग्रीस थापावं. इंजिन स्थिरावलं की चोर सापडला. नुसती नवी स्पिंडल टाकून भागत नाही, कारण बॉडीचं भोकही लांबट झालेलं असतं. ते लेथवाल्याकडे रीम करून पितळी बुश बसवावे लागतात. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत आली पाहिजेत, नाहीतर नव्या नकली मालासारखंच अडकतं. स्पिंडलवरच्या, हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या तबकडीचे दोन छोटे स्क्रू मागून ठोकून पसरवलेले असतात, ते आधी कानशीने घासल्याशिवाय फिरवले तर मोडतात. तबकडीची कड तिरकी कापलेली असते, म्हणून काढण्यापूर्वी वरची बाजू कोणती याची खूण करायची. परत बसवताना स्क्रू सैल ठेवून तबकडी बंद करायची, बोटाने टिचकी मारायची, ती आपोआप जागेवर बसते. मग कार्बोरेटर सूर्याकडे धरून पाहायचं. मिस्त्रीने धरला. एका बाजूला बारीक चंद्रकोर उजेडाची. पुन्हा सैल, पुन्हा टिचकी. तिसऱ्या वेळी अमावस्या. मग स्क्रू आवळून मागून ठोकले, कारण एखादा सुटला तर थेट सिलिंडरमध्ये जातो.

खालची फ्लँजही, म्हणजे नट बसतात ती बैठक, वाकलेली होती. हवा घेते म्हणून प्रत्येकाने नट आणखी आवळलेला, आणि आवळल्यामुळे कान आणखी वाकलेले. जाड काचेवर पॉलिश पेपर, त्यावर तेलाचे दोन थेंब, आणि आठाच्या आकड्यासारखं घासत राहायचं, जोवर सगळ्या पृष्ठभागावर एकसारखी चमक येत नाही. हे काम त्याने पोराला दिलं. पोराने दीड तास घासलं.

मग प्रश्न जेटचा. इथे एक गंमत आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन लागतं. १२५ च्या जागी १३० चा जेट टाकला तर क्षेत्रफळ सुमारे आठ टक्के वाढतं. म्हणजे पिनेने मेन जेट पाच शतांश मोठा करून थांबवला असता, तर तिने आजच्या पेट्रोलसाठी गाडी जुळवून दिली असती! पण पिनेला कुठे थांबायचं ते ठाऊक नव्हतं, आणि पायलट जेटचं तिने पार वाटोळं केलं होतं. मिस्त्रीने टिनाच्या डबीतून, जुन्या मेलेल्या कार्बोरेटरांतून जमवलेल्या जेटमधून, १३० शोधला. पायलट मूळ मापाचाच, न छेडलेला.

बसवल्यावर लगेच मिक्श्चरला हात नाही. आधी टॅपेट, पॉइंटचा गॅप, प्लग, टायमिंग. कार्बोरेटरचे म्हणून येणारे निम्मे आजार प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले असतात. इंजिन पूर्ण गरम, स्टार्टरची केबल पूर्ण आत. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने बसेपर्यंत आत, तिथून दीड आटा बाहेर. जोराने पिळला तर त्याच्या टोकाला कडं पडतं, मग तो कधीच नीट जुळत नाही. तिथून पाव-पाव आटा, इंजिन सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथवर. मग वीस किलोमीटर पळवून प्लग पाहायचा. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला की झालं. आगीच्या धास्तीने वाळूची बादली शेवटपर्यंत शेजारी होती.

यंदाच्या लग्नसराईत फियाट पुन्हा निघाली, गाडी त्या पोराच्याच हातात. धूर नाही, न्यूट्रलला घड्याळासारखी. त्याच रसवंतीवर थांबली आणि दहा मिनिटांनी सुरू होईना. जेट कितीही मापाचा असला तरी पेट्रोल ४५ अंशाला उकळणारच. पोराने बोनेट वर केलं, दुपट्टा पाण्यात भिजवून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर टाकला आणि बाकावर येऊन बसला. वऱ्हाडातून एक बाई पुढे आली, हातात सेफ्टी पिन. त्याने ती घेतली, शर्टाच्या तुटलेल्या बटणाच्या जागी लावली आणि आणखी एक ग्लास रस सांगितला, बिनबर्फाचा.